चार वस्तूंची खोली

शास्त्रपाठ : २ राजे ४:८-३७, मत्तय ६:१९-२४, लूक १२:१३-२१

शूनेम येथील त्या स्त्रीला मूळ इब्री भाषेत 'थोर' म्हटले आहे. तिचे घर खाऊनपिऊन सुखी होते, गावात मान होता, असा त्याचा आशय. अलीशा संदेष्टा त्या वाटेने जाई तेव्हा तिच्या घरी जेवत असे. पुढे तिने पतीशी विचार करून घराच्या वर त्याच्यासाठी एक लहानशी खोली करवली. ऐपत असूनही तिने त्या खोलीत ठेवले काय? एक पलंग, एक मेज, एक आसन आणि एक समई. यादी इथेच संपते. भाषांतर करताना अशा यादीच्या शेवटी 'इत्यादी' लिहावेसे वाटते. पण मुळात 'इत्यादी' नाही.

अलीकडे कमी वस्तूंत राहण्याच्या विचाराला 'मिनिमलिझम' या नावाने बरीच लोकप्रियता लाभली आहे. दिल्ली आणि आसपासच्या शहरांतील तरुण कुटुंबांना तर त्याची गरजच भासते. तेथील हवामानच घर भरून टाकते. हिवाळ्यातील दोन-अडीच महिन्यांसाठी जाडजूड रजया, लोकरीचे कपडे आणि हीटर हवेत. उन्हाळ्यासाठी कूलर हवा. एकाचा हंगाम आला की दुसऱ्याला जागा शोधावी लागते. त्यात बदलीच्या वेळी बांधलेली आणि कधीच न उघडलेली खोकी, दिवाळीत मिळालेले भेटीचे डबे, मुलांची खेळणी आणि मोबाईलवर बोट टेकताच दारात येणारा माल. पलंगाच्या पोटातील पेटी भरते, माळा भरतो, शेवटी सज्जाही भरतो.

नोएडा येथे दोन खोल्यांत राहणारे एक मराठी कुटुंब माझ्या परिचयाचे आहे. पती, पत्नी आणि दोन लहान मुले. जालना जिल्ह्यातून पतीच्या थोरल्या काकांचा निरोप आला : दिल्लीच्या 'एम्स' रुग्णालयात तपासणीसाठी यायचे आहे, काही दिवस राहावे लागेल. 'या' असे लगेच कळवले गेले. मग दोघांनी घराकडे पाहिले, तेव्हा एक गादी अंथरण्याइतकी मोकळी जमीन कोठेच नव्हती. एम्सच्या बाहेर थंडीच्या रात्री पदपथावर झोपणारे रुग्णांचे नातलग दोघांनीही पाहिले होते. त्यांच्या घरात आवराआवर सुरू झाली ती या कारणाने.

पतीला सर्व एका दिवसात बाहेर काढायचे होते. पत्नीने त्याला थांबवले, आणि माझ्या मते योग्य केले. साधेपणा हा एकाने ठरवून दुसऱ्यावर लादण्याचा विषय नव्हे. आपल्या मराठी मंडळीला रेव्हरंड ना. वा. टिळकांचा सढळ हात ठाऊक आहे. पण त्या हाताच्या मागे संसार सांभाळताना होणारी ओढाताण लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त दाखवली आहे, तीही वाचावी. शूनेमच्या स्त्रीनेही खोली करवण्यापूर्वी पतीला विचारले होते. या घरात मुलांनाही विचारले गेले. त्यांनी कोणती खेळणी द्यायची ते स्वतः निवडले. निवड मोठ्यांना पटणारी नव्हती, तरी ती मान्य झाली.

या विषयावरील मारी कोन्दो या जपानी लेखिकेचे पुस्तक २०१४ मध्ये इंग्रजीत आल्यावर जगभर पोहोचले. त्यांची कसोटी अशी की वस्तू हातात घ्यावी आणि तिने मनाला आनंद होतो का ते पाहावे. होत नसेल तर तिला निरोप द्यावा. कसोटी उपयोगी आहे, मात्र तीत प्रश्न एकालाच विचारला जातो, तो म्हणजे मला. लूकच्या बाराव्या अध्यायातील धनवानही स्वतःशीच बोलतो. ग्रीक मजकुरात 'माझे' हा शब्द किती वेळा येतो ते पाहा : माझे पीक, माझी कोठारे, माझा माल, माझा जीव. कोठारांपलीकडे कोणी राहत असेल, हे त्याच्या बोलण्यात येतच नाही. त्याने कोठारे मोठी करण्याऐवजी रिकामी करून स्वच्छ ठेवली असती, तरी संभाषण तेच राहिले असते.

मत्तयच्या सहाव्या अध्यायात पृथ्वीवरील संपत्ती आणि दोन धनी यांच्या मध्येच प्रभू डोळ्याविषयी बोलतो. डोळा 'निर्दोष' असावा, असे आपण वाचतो. तेथील ग्रीक शब्द 'हाप्लूस'. अर्थ साधा, एकेरी, घडी नसलेला. याच शब्दापासून झालेले 'हाप्लोतेस' हे नाम पौल करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (८:२, ९:११) वापरतो, आणि तेथे त्याचा अर्थ औदार्य असा करावा लागतो. उलट, 'वाईट डोळा' हा इब्री वाक्प्रचार कृपणासाठी आहे (नीति. २८:२२), आपल्याकडील दृष्ट लागण्याशी त्याची गल्लत होऊ नये. म्हणजे साधेपणा आणि दातृत्व यांसाठी मराठीत आपल्याला दोन शब्द लागतात, तेथे ग्रीक एकाच मुळावर काम भागवते. हे दोन्ही अर्थ पेलणारा मराठी शब्द मला आजवर सापडलेला नाही.

म्हणून घरातून निघालेली वस्तू कोठे जाते, हाही अभ्यासाचा भाग आहे. दिल्लीत टाकलेला कचरा नाहीसा होत नाही. गाझीपूर येथे १९८४ पासून साचत गेलेल्या ढिगाचा डोंगर झाला आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्याचा कडा कोसळून दोन माणसे दगावली. त्याच दिल्लीत अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये घरातील ६७ कपड्यांपासून 'गूंज' ही संस्था सुरू केली. २०१५ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावकऱ्यांनी विहीर खणावी, रस्ता दुरुस्त करावा आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडे व संसारोपयोगी सामान घ्यावे, ही तेथील पद्धत. जुन्या सुती कापडापासून स्त्रियांसाठी पाळीच्या वेळी लागणाऱ्या स्वच्छ घड्याही केल्या जातात. मात्र फाटका, मळका, बटणे तुटलेला कपडा 'दान' म्हणून बांधणाऱ्याने मलाखी १:८ वाचावे. आंधळे आणि लंगडे पशू वेदीवर आणणाऱ्यांना तेथे विचारले आहे की हेच तुम्ही आपल्या सुभेदाराला नेऊन द्याल काय? नोएडातील त्या गृहिणीने दोन रजया धुऊन, उन्हात घालून, फाटलेली शिवण घालून मगच दिल्या. त्यांपैकी एक चांगलीच नवी होती.

शूनेमच्या त्या खोलीतील पलंग पुढे पुन्हा भेटतो. त्या स्त्रीचा मुलगा दुपारी तिच्या मांडीवर मरण पावला, तेव्हा तिने त्याला नेऊन ठेवले ते याच पलंगावर, पाहुण्यासाठी राखलेल्या जागी, आणि तेथेच तो तिला जिवंत परत मिळाला. खोली करवताना तिला यातले काहीच ठाऊक नव्हते. उपकाराची फेड म्हणून राजाकडे शब्द टाकू का, असे अलीशाने विचारले असता, मी आपल्या लोकांत राहते, एवढेच ती म्हणाली होती.

काका त्या मोकळ्या कोपऱ्यात तीन आठवडे राहिले. रात्री त्यांना झोप नसे. मोठा मुलगा त्यांच्यापाशी बसून जालन्याच्या गोष्टी ऐके. ते गावी परतल्यावर आठवड्याच्या आत तेथे नव्या मिक्सरचे खोके येऊन बसले. पत्नीने ते उचलून ओट्याखाली ठेवले आणि गादी गुंडाळून त्याच भिंतीशी उभी केली. मार्चमध्ये काकांना पुन्हा तपासणीसाठी यायचे आहे.