आधी प्रेशर, मग मॅप

जुन्या कार्ब्युरेटरच्या जिप्सीला इंजेक्शन आणि बाजारातला प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू बसवायचं ठरलं, की सगळ्यांचे डोळे लॅपटॉपकडे लागतात. पण ईसीयू पेट्रोल मोजत नाही. इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा, एवढंच त्याच्या हातात असतं. नळाच्या पाण्याला जोर किती आहे हे ठाऊक नसताना बादली किती वेळात भरेल, हे सांगण्यातला हा प्रकार. प्रेशर हललं की मॅपमधला प्रत्येक आकडा खोटा ठरतो. म्हणून मॅपला हात लावण्याआधी पुढची कामं उरकून घ्या. कृती टर्बो नसलेल्या, रिटर्न लाइनच्या गाडीची आहे. जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

लागणारं सामान

इंजेक्शनचा इलेक्ट्रिक पंप, फिल्टर, व्हॅक्यूम जोडणीचा अॅडजस्टेबल रेग्युलेटर, ० ते ७ बारचा गेज, ० ते १० बारचा प्रेशर सेन्सर, स्वतंत्र रिले व फ्यूज, इंजेक्शनच्या दाबाची होज (एसएई ३० आर ९ दर्जाची), मल्टिमीटर, खुणा केलेला पत्र्याचा डबा आणि हाताशी अग्निशामक. कार्ब्युरेटरची साधी होज या दाबाला टिकत नाही, ती वापरू नका.

कृती

१. गाडी मोकळ्या हवेत घ्या, इंजिन थंड होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह काढा. इंजेक्शन बसल्यानंतर कधीही लाइन उघडायची असेल, तर आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू करा आणि आपोआप बंद पडू द्या. बंद गाडीच्या रेलमध्येही दाब शिल्लक असतो.

२. जुना मेकॅनिकल पंप उतरवा आणि ती जागा प्लेट व गॅस्केट लावून बंद करा. तो पाव बारच्या आसपास दाब देतो. आपल्याला ३ बार हवेत.

३. लाइनचा क्रम असा: टाकी, पंप, फिल्टर, रेल, रेग्युलेटर आणि परत टाकी. रेग्युलेटर रेलच्या पुढे येतो, मागे नाही. रिटर्नचा पाइप बारीक नको. त्याचं तोंड टाकीत पिकअपपासून लांब ठेवा, नाहीतर गरम, फेसाळलेलं पेट्रोल पंप पुन्हा ओढतो. कार्ब्युरेटरच्या टाकीत सहसा आडव्या पट्ट्या नसतात. घाटातल्या वळणावर टाकी अर्धी असली की पेट्रोल एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. यावर एक-दोन लिटरची सर्ज टाकी हा उपाय.

४. पंपाला बॅटरीवरून जाड वायर द्या, मध्ये फ्यूज आणि रिले. रिले ईसीयूच्या ताब्यात हवा: चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद पंप चालावा आणि इंजिन फिरत नसेल तर बंद व्हावा. अपघातात पाइप तुटला तर हीच सोय कामी येते. पंप चालू असताना व्होल्टेज पंपाच्या टर्मिनलवरच मोजा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी दिसलं तर वायर किंवा अर्थ सुधारा.

५. आता बेस प्रेशर. रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढून तिचं मॅनिफोल्डकडचं तोंड बंद करा. इंजिन बंद ठेवून पंप चालवा, स्क्रू फिरवत गेज ३ बारवर आणा आणि लॉकनट आवळा. सगळे जोड कोरड्या कापडाने पुसून पाहा. पंप बंद केल्यावर सुई धाडकन शून्यावर येता कामा नये.

६. याच दाबावर रिटर्नची नळी डब्यात सोडून पंप ३० सेकंद चालवा. ८० अश्वशक्तीच्या इंजिनाला पूर्ण ताकदीवर ताशी साधारण २५ लिटर, म्हणजे अर्ध्या मिनिटात जेमतेम २१० मिलिलिटर पेट्रोल लागतं. डब्यात ३०० तरी जमायला हवं. जवळपास ठिणगी पडेल असं काहीही नको.

७. इंजिन चालू करून व्हॅक्यूम नळी जोडा. आयडलला सुई २.३ ते २.५ वर उतरेल. इंजेक्टरच्या तोंडाशी व्हॅक्यूम आहे, तेवढाच दाब रेग्युलेटरने कमी केला. त्यामुळे इंजेक्टरच्या दोन्ही टोकांतला फरक ३ बारच राहिला. नळी थ्रॉटलच्या पुढून, मॅनिफोल्डवरून स्वतंत्र घ्या, ब्रेक बूस्टरच्या नळीला टी मारून नको. टर्बो असेल तर पंप चालू ठेवून याच जोडणीला हातपंपाने अर्धा बार हवा द्या: गेज बरोबर ३.५ दाखवायला हवा.

८. ईसीयूमध्ये बेस प्रेशर ३ बार भरा आणि इंजेक्टरचा प्रवाह व डेड टाइम त्याच दाबावरचा टाका. पुरवठादाराचे आकडे ४ बारचे असतील तर तसेच उचलू नका. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाने बदलतो आणि ४ बारला तो ३ बारपेक्षा १५ टक्क्यांनी जास्त असतो. टाकीतच रेग्युलेटर असलेल्या, रिटर्न नसलेल्या गाडीत रेलचा दाब स्थिर राहतो, पण फरक बदलतो: ३.५ बारच्या रेलमध्ये आयडलला तो ४.१ च्या घरात जातो. तिथे ईसीयूतली प्रेशरची भरपाई चालू करावीच लागते.

९. सेन्सर रेलवर लावून डायनोवर पूर्ण थ्रॉटलचा लॉग घ्या. फरक वरच्या आरपीएमपर्यंत ३ बार राहिला तरच ट्यूनिंगला बसा. तो घसरला की इंजिन बंद करणारी सेटिंग ईसीयूमध्ये असेल तर तीही लावून ठेवा.

सुई काय सांगते

आयडलला दाब ३ बारच्या वर आणि कमी होतच नाही: पंप मोठा, रिटर्न बारीक. व्हॅक्यूम नळीत पेट्रोल: रेग्युलेटरचा पडदा फाटला, बदला. सुई थरथरते: पंप हवा ओढतो आहे किंवा फिल्टर तुंबला आहे. जोर लागताच ३ चे २.६ होतात: पंप, फिल्टर किंवा व्होल्टेज पाहा. २.६ ला पेट्रोल ७ टक्क्यांनी कमी मिळतं, मिश्रण लीन होतं आणि नॉकिंग सुरू होतं. इथे मॅपमध्ये पेट्रोल वाढवून वेळ मारून नेण्याचा मोह आवरा. फिल्टर आणखी तुंबला की तो आकडा पुन्हा अपुरा पडेल, आणि नवा फिल्टर टाकला की गाडी काळा धूर सोडेल.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीकृत गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत. गाडी रस्त्यावर चालवायची असेल तर सामान घेण्याआधी आरटीओत चौकशी करा.