खांब, तुळई आणि माळवदाचें ओझें

उन्हाळा सरत आला म्हणजे आमच्या नांदेड-लातूरकडील खेड्यांत जुन्या घरांचें एक ठरलेलें काम निघतें. पांढरी माती खणून आणावयाची, टोपल्यांनीं माळवदावर टाकावयाची, आणि चोपण्यानें चोपून तिला उतार द्यावयाचा. पहिल्या पावसाआधीं एवढें झालें कीं घरधनी निश्चिंत होतो. पत्र्यांचीं व सिमेंटचीं छतें आतां पुष्कळ झालीं आहेत, हें खरें. तरी माळवदाचीं घरें अजून गांवोगांव उभीं आहेत, त्यांत आमचीं माणसें राहतात, आणि कांहीं ठिकाणीं उपासनाही त्यांतच होते. म्हणून ह्या आठवड्यांत आम्ही वाचकांस त्या मातीच्या ओझ्याविषयीं, तें पेलणाऱ्या लांकडाविषयीं, आणि तें लांकूड जपण्यास लागणाऱ्या हत्यारांविषयीं चार गोष्टी सांगणार आहों.

प्रथम हिशेब पाहूं. दहा फूट लांब व दहा फूट रुंद अशी एक खोली घ्या. तिच्या माळवदावर दीड फूट माती आहे असें धरा. जुन्या घरांत दीड फूट म्हणजे कांहीं मोठी गोष्ट नव्हे, कारण आजोबांनीं टाकलेल्या थरावर बापानें टाकली आणि बापाच्या थरावर मुलानें. ही माती दीडशें घनफूट झाली. एका घनफुटास सुमारे पंचेचाळीस किलो वजन धरिलें, तर साडेसहा हजार किलोंहून अधिक भार झाला. म्हणजे शंभर किलोंचीं सदुसष्ट पोतीं डोक्यावर रचून आपण त्याखालीं पोरेंबाळें निजवितों. पाऊस मुरला म्हणजे हा भार आणखी वाढतो.

ह्या ओझ्याचा परिणाम काय होतो, तें आमच्या मराठवाड्यानें ता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे पाहिलें. गणेशविसर्जन आटोपून लोक निजले होते. चार वाजण्यास कांहीं मिनिटें उरलीं असतां लातूर जिल्ह्यांतील किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला. किल्लारी, शेजारच्या धाराशिव जिल्ह्यांतील सास्तूर, व आसपासचीं अनेक गांवें मिळून सुमारे आठ हजार माणसें गेलीं. भूकंपाची तीव्रता सहाहून थोडी अधिक होती. जगांत इतक्या तीव्रतेचे भूकंप पुष्कळ होतात, पण एवढी मनुष्यहानि क्वचित् होते. येथें ती झाली, ह्याचें एक मोठें कारण घरांची बांधणी होय.

त्या घरांच्या भिंती दोन-तीन फूट, कोठें त्याहूनही जाड होत्या. जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत असें आपण समजतों. परंतु ह्या भिंतींस आंतून एक व बाहेरून एक अशीं धोंड्यांचीं दोन तोंडें होतीं; मध्यें माती व कपऱ्या भरलेल्या, आणि दोन्ही तोंडांस एकत्र धरणारा लांब दगड कोठेंच नाहीं. हादरा बसतांच हीं तोंडें एकमेकांपासून सुटलीं. ज्या घरांत तुळईचें टोंक भिंतींत नुसतें खुपसलेलें होतें, तेथें भिंतीमागोमाग माळवदही खालीं आलें. उलट जेथें तुळया लांकडी खांबांवर नीट बसविलेल्या होत्या व सांधे घट्ट होते, तेथें कित्येक ठिकाणीं भिंती ढांसळूनही खणांचा सांगाडा डोक्यावरील मातीसह उभा राहिला. तेवढ्यानें सर्व वांचले असें मात्र नाहीं. आंत कोसळलेल्या भिंतींखालींही माणसें दबलीं. लांकूड चांगलें असलें म्हणजे झालें, असें म्हणून कोणीं स्वस्थ बसूं नये.

आणि ही गोष्ट जुनी झाली असेंही कोणीं मानूं नये. इ. स. २०२४ च्या मार्च व जुलै महिन्यांत हिंगोलीकडे धक्के बसले, ते नांदेड जिल्ह्यांतही जाणवले. त्या दिवशीं लोक अंगणांत धांवले, आणि दुपारपर्यंत पुन्हां घरांत शिरले. खांबाकडे मान वर करून कोणीं पाहिलें काय?

तेव्हां खांबापासूनच आरंभ करूं. खांबाचा बुंधा दगडी तळखड्यावर उभा आहे, कीं सारवणाच्या थरांत गाडला गेला आहे, हें पाहावें. आमच्या भगिनी दर आठवड्यास सारवितात, आणि वर्षानुवर्षांच्या सारवणानें जमीन इतकी चढते कीं तळखडा दिसेनासा होतो. मग ओल थेट लांकडांत चढते व तिच्यामागून वाळवी येते. बुंध्याभोंवतींची माती उकरून तळखडा मोकळा करावा. नंतर हातोड्यानें खांबावर खालपासून वरपर्यंत ठोकून ऐकावें. निरोगी लांकूड खणखणीत वाजतें; पोखरलेलें बद्द वाजतें. शंका आल्यास टोंचा खुपसून पाहावा. तो लोण्यांत शिरावा तसा शिरला, तर तो खांब बदलण्यावांचून गत्यंतर नाहीं. पण तुळईखालीं दुसरा मजबूत टेकू दिल्यावांचून जुन्या खांबास हात लावूं नये.

आतां सांध्याकडे वळूं. खांबाच्या माथ्याचें कुसूं तुळईच्या भोंकांत बसविण्याची आपल्या सुतारांची रीत चांगली आहे. परंतु चाळीस-पन्नास वर्षांत लांकूड आक्रसतें आणि तें कुसूं भोंकांत हलूं लागतें. चार काड्यांचा चौकोन बांधून तो बोटानें बाजूस रेटून पाहा. लागलाच तिरका होतो. त्याच चौकोनाच्या कोपऱ्यांत एकेक तिरपी काडी बांधा, आणि मग रेटा. खिळखिळ्या बाजेस तिरपी पट्टी मारून आपण हेंच करितों. घराच्या खणासही हाच उपाय आहे. भूकंपानंतर सरकारनें हातीं घेतलेल्या पुनर्वसनाच्या कामांत, जीं जुनीं घरें जागेवरच बळकट करावयाचीं होतीं त्यांस असे तिरपे टेकू देण्याची रीत लोकांस दाखविण्यांत आली होती. खेदाची गोष्ट ही कीं आज तीं विसरलेलीं गांवें फार आहेत.

टेकू तीन-चार इंच जाडीचा व दोन फुटांहून थोडा लांब असावा. त्याचें एक टोंक तुळईस व दुसरें खांबास, सांध्यापासून सुमारे हातभर अंतरावर लागावें. दोन्ही टोंकें गुण्यानें आंखून अशीं तिरकस कापावीं कीं बसल्यावर मध्यें फट राहूं नये. फट राहिली तर तो टेकू केवळ शोभेचा. प्रत्येक टोंकास दोन मोठे खिळे किंवा एक बोल्ट द्यावा. खिळा ठोकण्याआधीं गिरमिटानें खिळ्याहून बारीक भोंक पाडावें. वाळलेल्या बाभळींत मोठा खिळा तसाच मारिला तर लांकूड फाटतें, आणि सुतार खिळ्यास शिव्या देतो. टेकू तुळईच्या दिशेनें तर द्यावेच, पण आडव्या दिशेनेंही द्यावे, कारण धक्का कोणत्या बाजूनें येईल हें कोणास ठाऊक? हे टेकू डोक्यास लागतील अशी तक्रार घरांतून येते. आम्ही एवढेंच सांगतों कीं ते डोक्याहून वर बसतात, आणि त्यांस शिंकें टांगावयास उत्तम सोय होते.

लांकूड कोणतें घ्यावें? टेकूस व दांड्यांस बाभूळ फार चांगली; मात्र ती ताजी वापरूं नये. आपल्याकडील जुने लोक बाभळीचे ओंडके कांहीं महिने पाण्यांत बुडवून ठेवीत, मग सावलींत वाळवीत. त्यानें कीड कमी लागते. ओंडक्याच्या दोन्ही तोंडांस शेणमाती लिंपिली म्हणजे तें उन्हानें तडकत नाहीं. किनवटकडील सागवान उत्तम खरें, पण तें पावतीनिशींच घ्यावें; रात्रीं दारांत येऊन पडलेलें स्वस्त लांकूड शेवटीं महाग पडतें. आपल्या शेतांतील झाडांविषयींही सांभाळावें. साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ इत्यादि झाडें स्वतःचीं असलीं तरी इ. स. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाप्रमाणें परवानगीवांचून तोडतां येत नाहींत. बांधावरील झाडास हात लावण्याआधीं वनखात्याच्या कचेरींत विचारून यावें.

घरावर झुकलेली लिंबाची फांदी मात्र पावसाळ्याआधीं उतरवावी. ती वरून एकदम कापूं नये. प्रथम खालच्या अंगानें थोडी करवत लावावी, मग चार बोटें पुढें वरून कापावी. नाहींतर फांदी आपल्या वजनानें मोडतांना खोडाची साल ओढून नेते आणि झाड त्या जखमेनें कुजतें. फांदीजवळून विजेची तार जात असेल तर झाडावर चढूंच नये. वीजमंडळाच्या माणसांस बोलवावें.

आतां हत्यारांविषयीं. करवत, वांकस, दोन पटाश्या, रंधा, गिरमिट, हातोडा, गुण्या आणि ओळंबा एवढीं मंडळींत मिळून असलीं तरी काम भागतें. उपदेशकानें तीं पेटींत ठेवावीं, व कोणीं काय नेलें हें वहींत लिहावें. नाहींतर पटाशीनें तेलाचा डबा फोडणारे निघतात. पटाशीची धार पंचवीस ते तीस अंशांची ठेवावी, दगडावर पाणी घालून घासावी, आणि नखावर टेकवून पाहावी. घसरली तर अजून बोथट आहे. बोथट हत्यार अधिक जोर मागतें, आणि जोरानेंच हात कापतो. कुऱ्हाडीचा दांडा ओला बसवूं नये. आम्हीं स्वतः एकदां घाईनें ओल्या लिंबाचा दांडा घातला. आठ दिवसांत तो आक्रसला, आणि नवव्या दिवशीं कुऱ्हाडीचें पातें नेढ्यांतून सुटून अंगणांत बांधलेल्या वासराच्या कानाजवळून गेलें. त्या दिवसापासून पाचर ठोकल्यावांचून आम्ही कुऱ्हाड उचलीत नाहीं.

भिंतींत आरपार दगड बसविणें हें जाणत्या गवंड्याचें काम आहे. तें आपल्या हातानें करूं नये. परंतु माळवदाची माती उतरविणें हें घरच्या माणसांचें काम आहे, आणि तें ह्याच उन्हाळ्यांत करतां येईल. वीतभर थर ठेवून बाकीची माती काढावी. थर कमी केल्यानें घर गळेल ही भीति खरी आहे; म्हणून उरलेल्या थराच्या मध्यें जाड प्लास्टिकचा कागद पसरून त्यावर माती चोपावी व उतार पन्हळीकडे राखावा. एका बाजूची सगळी माती आधीं काढूं नये. मधून दोन्हीकडे सारखी काढीत जावें, म्हणजे तुळई एकांगी दबत नाहीं. काम चाललें असतां खालीं कोणी नसावें, म्हातारेंकोतारेंही नसावें आणि पाळण्यांतलें मूलही नसावें. काढलेली माती भिंतीशीं न टाकतां गाडींत भरून शेतांत नेऊन पसरावी.