जोडण्यांची परीक्षा

घरांतील टीव्ही मुका झाला किंवा आंधळा झाला, म्हणजे बहुतेक घरीं दोनच उपाय होतात. पहिला, त्याच्या पाठीवर थाप मारणें. दुसरा, तो चादरींत गुंडाळून शहापूरच्या बाजारांत नेणें. पहिल्या उपायानें कधीं कधीं चित्र येतें, हें खरें. पण तें कां येतें याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. थापेनें यंत्र शहाणें होत नसतें; एखादा सैल जोड क्षणभर घट्ट बसतो, इतकेंच. आमच्या मतें अशा पुष्कळशा तक्रारींचें मूळ यंत्राच्या पोटांत नसून त्याला जोडणाऱ्या तारांच्या टोकांशीं असतें. आणि तीं टोकें तपासावयास मोठी विद्या नको, क्रमानें विचार करण्याची संवय मात्र हवी.

हा विषय केवळ करमणुकीचा आहे असें कोणीं समजूं नये. मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. त्यानंतर कित्येक वर्षें टीव्ही ही खेड्यांत चैनीचीच वस्तु होती. परंतु महासाथीमुळें शाळा बंद असतां २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठीं ‘टिलीमिली’ ही मालिका लागूं लागली, तेव्हां ज्या घरीं इंटरनेट पोंचत नव्हतें तेथें टीव्ही हाच फळा झाला. अशा वेळीं एका कळकलेल्या पिनेपायीं आठ दिवस पडदा काळा राहिला, तर मुलाचा आठ दिवसांचा पाठ बुडाला असेंच म्हणावें लागेल.

प्रथम चित्र व ध्वनि कोणत्या वाटेनें घरांत येतात तें पाहूं. शेणव्यासारख्या गांवीं ही वाट बहुधा छत्रीपासून सुरू होते. दूरदर्शनच्या फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ हा नोव्हेंबर २०१५ मध्यें सोडला गेला व तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवर आहे. म्हणून आपल्याकडील त्याच्या छत्र्या आग्नेयेकडे तोंड करून, क्षितिजापासून सुमारें ५७ अंश वर पाहतात. छत्रीच्या तोंडाशीं जी लहान पेटी असते, तिला एलएनबी म्हणतात. ती आकाशांतून आलेल्या लहरी तारेंतून नेण्याजोग्या करून खालीं बॉक्सकडे पाठविते. बॉक्समधून एचडीएमआयची एकच तार किंवा पिवळी, पांढरी व तांबडी अशा तीन तारा टीव्हीकडे जातात. आणि कांहीं घरीं तेथून पुढें स्पीकर असतात.

आतां या वाटेवर दोष कोठें आहे, हें ओळखण्याची युक्ति सांगतों. पाण्याचा नळ कोरडा पडला तर आपण सगळी नळी उकरीत नाहीं. मधलाच एक जोड सोडून पाणी तेथवर येतें कीं नाहीं तें पाहतों. येथें असा मधला जोड म्हणजे बॉक्स होय. बॉक्सच्या रिमोटवरील ‘मेनू’ची कळ दाबावी. पडद्यावर बॉक्सची यादी उमटली, तर बॉक्स, टीव्ही व त्यांमधील तार हीं तिन्ही निर्दोष आहेत असें समजावें. दोष छत्रीच्या बाजूस आहे. यादी उमटली नाहीं आणि टीव्हीच आपल्या अक्षरांत ‘नो सिग्नल’ असें सांगत असेल, तर छत्रीला हात लावण्याचें कारण नाहीं. अशा वेळीं बॉक्सचा दिवा लागला आहे ना, आणि टीव्हीच्या रिमोटनें तार ज्या सॉकेटांत आहे तोच मार्ग निवडला आहे ना, हें आधीं पाहावें. घरांतील लहान मुलांनीं रिमोट खेळावयास घेतला असल्यास रोग बहुधा येथेंच सांपडतो! एका कळीनें अर्धी वाट निर्दोष ठरते. सगळ्या तारा एकदम उपसणाऱ्यास हें कधींच साधत नाहीं, उलट पहिल्या दोषांत तो दुसऱ्याची भर घालतो. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, आणि बदलण्यापूर्वीं मोबाइलवर जोडणीचें छायाचित्र काढून ठेवावें.

तिरंगी तारांत पिवळी चित्राची, पांढरी डाव्या ध्वनीची व तांबडी उजव्या ध्वनीची असते. दोन स्पीकरांपैकीं एकच वाजत असेल, तर स्पीकरांच्या यंत्रांतील पांढरी व तांबडी पिन आपसांत बदलावी. मौन दुसऱ्या बाजूस गेलें, तर दोष तारेंत किंवा तिच्या मागें आहे; तें जागचें हललें नाहीं, तर दोष यंत्रांत किंवा स्पीकरांत आहे. एवढ्या लहान प्रयोगांत केवढें अनुमान भरलें आहे, हें विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीं लक्षांत घ्यावें.

तारेचीच शंका आली, तर ती दोन्ही टोकांनीं सोडवून मल्टिमीटरच्या घंटीवर तपासावी. मधल्या पिनेपासून मधल्या पिनेपर्यंत घंटी वाजली पाहिजे, बाहेरच्या कड्यापासून बाहेरच्या कड्यापर्यंतही वाजली पाहिजे. मात्र मधली पिन व कडें यांत ती मुळींच वाजतां कामा नये. छत्रीच्या केबलवर ७५ ओहम असें छापलेलें असतें, तो आंकडा मल्टिमीटरवर शोधूं नये. तो लहरींच्या वहनाचा गुण आहे, तांब्याचा साधा रोध नव्हे. एचडीएमआयची गोष्ट वेगळी. तिच्या टोकांत १९ बारीक पिना असतात; घंटीचा खटाटोप करण्यापेक्षां शेजाऱ्यांची चालती तार घटकाभर मागून आणून लावून पाहावी, हें सोपें.

छत्रीच्या केबलमधून लहरी खालीं येतात, तशीच वीजही वर जाते. बॉक्स याच तारेनें एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पुरवीत असतो. म्हणून बॉक्सचा प्लग काढल्यावांचून ही तार सोडूं नये; जाळीचा एखादा केस मधल्या तारेस टेकला, तरी बॉक्सला इजा होण्याचें भय असतें. विजांचा गडगडाट ऐकूं येण्यापूर्वींच प्लग व छत्रीची तार दोन्ही काढून ठेवावींत. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र तारेस हात लावूं नये. टीव्हीचें मागचें झांकण मुलांनीं कदापि उघडूं नये, कारण प्लग काढल्यावरही आंत वीज सांठून राहते.

पावसाळ्यांतील दोष ओळखावयास थोडा विवेक लागतो. मुसळधार सरींत चित्र थिजतें, त्यांत तारेचा अपराध नसतो. या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटीमीटर असल्यानें पावसाचे थेंब त्यांना शोषतात व विखुरतात. सर ओसरली कीं चित्र आपोआप येतें. पण उघडीप होऊन दोन दिवस झाले तरी चित्र येत नसेल, तर जोडांत पाणी शिरलें आहे असें समजावें. तेथें तांबें हिरवें पडतें. घरांतील तांब्याचीं भांडीं आपण चिंचेनें उजळतों, तो उपाय येथें चालत नाहीं. आंबट ओल मागें राहून तांबें पुन्हा कळकतें. तें टोक बोटभर कापून टाकावें, चकचकीत तांबें लागेपर्यंत तार सोलावी आणि नवी पिन बसवावी. जोडावर रबरी टोपी घालावी, आणि तार भिंतींतून आंत शिरते त्याच्या आधीं तिला खालीं झोळ द्यावा, म्हणजे पाणी तारेवरून ओघळत घरांत न येतां झोळाच्या तळाशीं गळून पडतें. हें काम वडील माणसांनीं मे महिन्यांतच उरकावें. जुलैंत ओल्या कौलांवर चढून तें करूं नये.