परत बीडला यावं का?

प्रश्न : निवृत्तीनंतर पुणं सोडून बीडला परतावं, असं मला वाटतं. बायको-मुलं म्हणतात, तिथं पाणी नाही, दवाखाना नाही. कोणाचं खरं?

उत्तर : पाण्याबाबत घरच्यांचं खरं आहे. शहराची भिस्त माजलगाव धरण आणि बिंदुसरा प्रकल्पावर. पाऊस रुसला की नळाचं पाणी लांबतं आणि टँकरची वाट पाहावी लागते. म्हणून घर घेण्याआधी त्या गल्लीत मे महिन्यात नळाला किती दिवसांनी पाणी येतं, बोअर टिकतो का, हे शेजाऱ्यांनाच विचारा. बांधकाम करणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. छतावरचं पाणी जिरवण्याची सोय मात्र कराच; बीडच्या जुन्या खजाना विहिरीपासून, म्हणजे सोळाव्या शतकापासून, इथं पाण्याचा विचार होत आला आहे.

दवाखान्याचं चित्र इतकं वाईट नाही. बीडला जिल्हा रुग्णालय, अंबाजोगाईला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण हृदयाचं किंवा मूत्रपिंडाचं जुनं दुखणं असेल, तर नियमित उपचारांची सोय आधी पक्की करा.

प्रवासाचं म्हणाल, तर १७ सप्टेंबर २०२५ला अहिल्यानगर–बीड रेल्वे सुरू झाली, पण पुण्याला जायला एसटीच गृहीत धरा. माणसं, भाषा आणि कमी खर्च हे बीडचं खरं बळ. पुण्यातलं घर लगेच विकू नका. एक उन्हाळा बीडला भाड्यानं राहा, मगच ठरवा.