धम्मपाठ : स्त्री ही पाहण्याची वस्तू नव्हे



पंचशील ग्रहण करताना तिसरे शील आपण सर्वजण म्हणतो. आपली लहान मुलेही ते बिनचूक म्हणतात. पण त्याचा अर्थ विचारला तर बहुतेक घरांत एकच उत्तर मिळते : परस्त्रीकडे जाऊ नये. हा अर्थ खरा आहे, पण पुरा नाही. बाजारात, पडद्यावर, मिरवणुकीत आणि हातातल्या मोबाईलवर स्त्रीच्या देहाचा जो व्यापार चालतो, त्याबद्दल हे शील आपल्याला काय सांगते? या पाठात आपण त्याचा विचार करू. उदाहरणासाठी लांब जायला नको. ते आपल्या पनवेल तालुक्यातच आहे.

१. आपल्या तालुक्यातून उठलेला प्रश्न

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याने निघाले की कर्नाळ्याच्या अलीकडे शिरढोण लागते. १८४५ साली वासुदेव बळवंत फडके येथे जन्मले, म्हणून महाराष्ट्राला हे गाव माहीत आहे. याच तालुक्याला पुढे आणखी एका गोष्टीने प्रसिद्धी मिळाली, आणि ती भूषणावह नव्हती. १९७० नंतर नव्या मुंबईसाठी जमिनी संपादन होऊ लागल्या. शेती गेली आणि हाती रोख पैसा आला. जेथे रोख पैसा येतो तेथे तो काढून घेणारे धंदेही येतात. महामार्गांच्या कडेने डान्स बार उभे राहिले.

घरातील कर्ता पुरुष रात्री नोटा उधळून येतो आणि सकाळी चूल पेटत नाही, अशा तक्रारी रायगड जिल्ह्यातील बायाबापड्या करू लागल्या. २००५ च्या मार्च महिन्यात हा प्रश्न विधानसभेत गाजला. तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी बंदी जाहीर केली आणि १५ ऑगस्ट २००५ पासून ती राज्यभर लागू झाली.

२. बंदीने काय साधले?

येथे नीट लक्ष द्यावे. त्या कायद्याने साध्या बारमधील नृत्य बंद केले, पण तीन तारांकित व त्यावरील हॉटेले, क्लब आणि जिमखाने यांना सूट दिली. म्हणजे गरिबाच्या बारमध्ये जी अश्लीलता, ती श्रीमंताच्या हॉटेलात मनोरंजन ठरली. १२ एप्रिल २००६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी घटनाविरोधी ठरविली. १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय कायम केला. समानतेचा आणि व्यवसायस्वातंत्र्याचा भंग होतो, हे त्याचे मुख्य कारण होते. काम गेलेल्या अनेक स्त्रियांवर देहविक्रय करण्याची पाळी आली, याचीही न्यायालयाने नोंद घेतली. २०१६ साली शासनाने नवा कायदा केला. १७ जानेवारी २०१९ च्या निकालात त्यातील अनेक अटी रद्द झाल्या. स्त्रीला बक्षिसी देता येईल, पण तिच्या अंगावर नोटा उधळता येणार नाहीत, असे न्यायालयाने ठरविले.

पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये पनवेलजवळच्या एका बारची एका पक्षाच्या कार्यकर्त्यांनी मोडतोड केली. वीस वर्षे कायदे झाले, खटले झाले, काचा फुटल्या; तरी प्रश्न जागेवरच आहे. याचे कारण असे की, या सर्व काळात बोट नाचणारीकडे दाखवले गेले. पाहणाऱ्याकडे आणि नफा खाणाऱ्याकडे क्वचितच कोणी पाहिले.

३. नाचणारी कोण आणि पाहणारा कोण?

२००५ साली एसएनडीटी महिला विद्यापीठाचे स्त्री-अभ्यास केंद्र आणि मुंबईतील एक स्त्री-संघटना यांनी बारमध्ये नाचणाऱ्या ५०० स्त्रियांची पाहणी केली. त्यांतील अनेकींच्या कमाईवर सबंध घर जगत होते. काही जणी पिढ्यान्पिढ्या नाचगाण्यावर जगणाऱ्या जातींतून आलेल्या होत्या. हा योगायोग नव्हे. आपल्या समाजव्यवस्थेने काही जातींच्या स्त्रियांना मुरळी केले, जोगतीण केले, तमाशाच्या बोर्डावर उभे केले. काम तिचे, बदनामी तिची आणि करमणूक मात्र गावच्या पाटलाची! डान्स बार हे या जुन्या दौलतजाद्याचेच नवे, विजेच्या दिव्यांतील रूप होय.

शब्दही पाहा. तिशी ओलांडलेल्या, दोन लेकरांच्या आईला वर्तमानपत्रांनी ‘बारबाला’ म्हटले. सिनेमातल्या तसल्या गाण्याला ‘आयटम साँग’ म्हणतात. आयटम म्हणजे नग. दुकानात नग मोजतात, माणसे नव्हेत. जी व्यवस्था माणसाला शिवायचे नाही असे ठरवीत होती, तिनेच दुसऱ्या माणसाला केवळ भोगायचे असे ठरविले. दोन्ही ठिकाणी माणूसपणच नाकारले गेले. म्हणून अस्पृश्यतेची आग ज्यांनी सोसली, त्यांना हा अपमान इतरांपेक्षा लवकर कळला पाहिजे.

४. बाबासाहेबांची भूमिका

पठ्ठे बापूराव हे तमाशाचे मोठे शाहीर. महार समाजातील पवळाबाई त्यांच्या फडात नाचत असे. त्यांनी तमाशाच्या उत्पन्नातून चळवळीला देऊ केलेली मदत बाबासाहेबांनी नाकारली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. चळवळीला पैशाची गरज नव्हती काय? होती. पण आपल्याच भगिनींच्या मानखंडनेतून आलेल्या पैशाने मानवमुक्तीचा लढा कसा लढायचा?

१६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये कामाठीपुऱ्यातील स्त्रिया, मुरळ्या व जोगतिणी यांची सभा झाली. तेथे बाबासाहेब कठोर बोलले. हा मार्ग सोडा, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. परंतु ज्यांच्या सावलीलाही प्रतिष्ठित माणसे उभी राहत नव्हती, त्यांच्यासमोर ते स्वतः जाऊन बोलले, हे आपण विसरता कामा नये. आणि ते केवळ उपदेश करून थांबले नाहीत. कामगार स्त्रियांना प्रसूतीची रजा, हिंदू कोड बिलातून वारसा व घटस्फोटाचा हक्क यांसाठी ते झगडले. सन्मानाने जगा, असे सांगणाऱ्याने सन्मानाने जगण्याची वाटही बांधावी लागते. २००५ च्या बंदीत ही वाट नव्हती.

५. धम्म काय सांगतो?

भगवान बुद्धांनी उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले : शस्त्रांचा, प्राणिमात्रांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. माणसांची खरेदी-विक्री त्यांतील दुसऱ्यात येते. डान्स बारमध्ये मद्य आणि माणूस या दोहोंचा व्यापार एकाच छपराखाली होतो. म्हणजे सम्यक आजीविकेचा पहिला प्रश्न मालकाला आहे, दुसरा गिऱ्हाइकाला आणि सर्वांत शेवटी त्या स्त्रीला.

वैशालीची गणिका आम्रपाली हिने भगवंतांना भोजनाचे निमंत्रण दिले. त्यांनी ते स्वीकारले. मागून लिच्छवी राजपुत्र आले, तेव्हा ‘मी शब्द दिला आहे’ असे सांगून भगवंतांनी त्यांना नकार दिला. सगळी वैशाली जिला पाहत होती, तिला बुद्धांनी माणूस म्हणून वागविले. पुढे ती भिक्षुणी झाली.

भिक्षूंना दिलेली शिकवण अशी आहे की, वडील स्त्रीकडे आई म्हणून, बरोबरीच्या स्त्रीकडे बहीण म्हणून आणि लहान मुलीकडे लेक म्हणून पाहावे. या शिकवणीत स्त्रीच्या कपड्यांविषयी एक शब्दही नाही. संयम सांगितला आहे तो पाहणाऱ्याच्या मनाला. म्हणून शीलाचे नाव घेऊन मुलीचे शिक्षण थांबविणे, तिच्या वेशावर पहारा ठेवणे आणि मुलाला मात्र मोकळे सोडणे, हा धम्म नव्हे. ती जुनीच मनुस्मृती होय.

६. आपल्या घरात

१९८६ च्या कायद्याने जाहिरात व छापील मजकुरातील स्त्रियांचे अश्लील चित्रण हा गुन्हा ठरविला आहे. पण कायदा उंबरठ्याच्या बाहेर उभा असतो. उंबरठ्याच्या आतले आपण पाहायचे.

१४ एप्रिलच्या मिरवणुकीत निळा झेंडा पुढे आणि मागे डीजेवर ‘आयटम’ गाणे, हे दृश्य आपण पाहतो की नाही? १९३० च्या सुमारास भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी तमाशाचाच साचा घेऊन त्यातून आंबेडकरी जलसा उभा केला. स्त्रीचा देह न नाचवताही हजारो माणसे रात्रभर बसून राहत. त्या शाहिरांची आपण नातवंडे आहोत. हळदीच्या रात्री, शाळेच्या स्नेहसंमेलनात सहा-सात वर्षांच्या मुलीला तसल्या गाण्यावर नाचवून आपण टाळ्या वाजवतो, तेव्हा तिला काय शिकवतो? मित्राने पाठवलेले एखाद्या मुलीचे छायाचित्र पुढे पाठवताना आपण तिसऱ्या शीलाबरोबर दुसरेही मोडतो. कारण तिने जे दिलेले नाही ते आपण घेतो.

रविवारच्या वर्गासाठी प्रश्न

१. डान्स बारवरील बंदी न्यायालयात का टिकली नाही? समानतेच्या तत्त्वाशी त्याचा काय संबंध आहे?
२. पठ्ठे बापूरावांची मदत बाबासाहेबांनी का नाकारली असेल?
३. आपल्या गावच्या यंदाच्या जयंतीत कोणती गाणी वाजली? पुढच्या वर्षी कोणती वाजावीत, हे कोण ठरविणार? त्या समितीत स्त्रिया किती आहेत?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहून थांबू नये. ते समितीच्या बैठकीत मांडावे, आणि घरातील लेकीने मांडावे.

जय भीम! सर्वांचे मंगल होवो.