शेराचे कुंपण आणि डोळे

उन्हाळ्यात बांध साफ करताना, कुंपण छाटताना चीक डोळ्यात उडाला की रुग्ण दवाखान्यात येतो. कशाचा चीक, असे विचारले तर उत्तर ठरलेले, 'निवडुंगाचा.' पण निवडुंग हे नाव आपण तीन-चार वेगवेगळ्या झाडांना देतो. म्हणून शेराची ही ओळख.

शेर हे बहुवर्षायू झुडूप. वाढू दिले तर झाडच होते. फांद्या हिरव्या, गोल, गुळगुळीत, पेन्सिलीएवढ्या जाड आणि झुबक्याने फुटणाऱ्या. काटा नाही. पाने अगदी बारीक येतात आणि लवकरच गळतात, त्यामुळे पानांचे काम हिरव्या फांद्याच करतात. टोकाला बारीक पिवळसर फुले येतात, फळ तीन कप्प्यांचे. एरंडाचे बोंड ज्यांनी पाहिले आहे त्यांना नाते लगेच कळेल. दोघांचे कूळ एकच. फांदी मोडताच दुधासारखा पांढरा चीक येतो. शास्त्रीय नाव युफोर्बिया तिरुकाली, मूळ आफ्रिकेतले. जनावरे तोंड लावत नाहीत म्हणून ते कुंपणाला आले.

फड्या निवडुंग अमेरिकेतून आलेला. त्याला काट्यांचे झुबके असतात, पण पांढरा चीक नसतो. त्रिधारी निवडुंग मात्र शेराचाच भाऊबंद. धारांवर काट्यांच्या जोड्या आणि आत तसाच चीक. मोडलेल्या हाडासाठी हाडसांधी (कांडवेल) शोधणाऱ्यांनी येथे सांभाळावे. हाडसांधी चौधारी असते, तणाव्यांनी वर चढते, तिला काटे नसतात आणि मोडल्यावर पांढरा चीक येत नाही.

रुईलाही चीक असतो, पण तिची पाने रुंद व जाड. रुईचा चीक फसवा असतो. डोळा फारसा दुखत नाही, नुसते धुरकट दिसते, आणि रुग्ण घरीच थांबतो. शेराच्या चिकाने डोळ्याची आग होते, पाणी येते, उजेड सहन होत नाही. बुबुळाला सूज येते आणि त्रास दुसऱ्या दिवशी वाढू शकतो. वेळीच उपचार झाले तर बहुतेक डोळे एक-दोन आठवड्यांत पूर्ववत होतात. दुर्लक्ष केल्यास बुबुळावर जखम होऊन दृष्टी जाऊ शकते.

चीक उडताच, शेतातच, स्वच्छ पाण्याची धार पंधरा-वीस मिनिटे डोळ्यात सोडा. घागरीतले पिण्याचे पाणी चालेल. डोळा चोळू नका. दूध, तूप, मध घालू नका. दुकानातून स्वतःच्या मनाने थेंब आणू नका, विशेषतः स्टेरॉईडचे. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवा. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात नेत्रविभाग आहे. जाताना झाडाची फांदी कागदात गुंडाळून सोबत न्या. कोयता आणि हात साबणाने धुवा, कारण अनेकदा चीक हातावरूनच डोळ्यात जातो.