नामदार गोखले आणि १९०१ चें जमीन-विधेयक

भोगवटादार वर्ग दोनच्या सातबाऱ्यावर विक्रीस बंदीचा शेरा आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. प्रस्तुत लेखकाची नोकरी असले शेरे लिहिण्यांत गेली. परंतु या शर्तीवर केवढा वाद झाला होता, हें निवृत्तीनंतरच वाचावयास सांपडलें.

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म १८६६ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील कोतळूक येथें झाला. फर्ग्युसन कॉलेजांतील त्यांचें अध्यापन वाचकांस ठाऊकच आहे. १८९७ मध्यें विलायतेंत वेल्बी कमिशनपुढें त्यांनीं साक्ष दिली व १८९९ मध्यें ते मुंबई कायदेमंडळांत आले. तेथें सरकारी मतांचेंच बाहुल्य असे.

१८९९-१९०० च्या दुष्काळानें रयतेकडे साऱ्याची बाकी थकली. १९०१ सालीं सरकारनें लँड रेव्हेन्यू कोडाच्या दुरुस्तीचें विधेयक आणिलें. बाकीपायीं सरकारजमा झालेली जमीन पुनः देतांना, कलेक्टरच्या परवानगीवांचून ती विकतां अगर गहाण टाकतां येऊं नये, अशी शर्त घालण्याची त्यांत तजवीज होती. हेतु सावकारापासून जमीन वांचविण्याचा. गोखल्यांचा आक्षेप असा कीं, तारण देण्याचा हक्क गेला म्हणजे रयतेची पतही गेली. विधेयक लांबणीवर टाकण्याची सूचना फेटाळली गेली, तेव्हां फिरोजशहा मेहता, गोखले इत्यादि सभासद सभागृह सोडून गेले. विधेयक अर्थातच मंजूर झालें.

पुढें १९०२ पासून ते वरिष्ठ कायदेमंडळांत होते. मतें तेथेंही नव्हतीं. परंतु अंदाजपत्रकावर बोलतांना मिठाच्या कराचा विषय त्यांनीं लावून धरिला. मणामागें अडीच रुपयांचा तो कर १९०३ मध्यें दोन, १९०५ मध्यें दीड व १९०७ मध्यें एक रुपयावर आला. सक्तीच्या शिक्षणाचें त्यांचें विधेयक मात्र १९१२ सालीं ३८ विरुद्ध १३ मतांनीं पडलें. १९१५ मध्यें ते वारले.

आपलें कुरखेडें तेव्हां मध्यप्रांतांत. मुंबईचें कोड येथें लागू नव्हतें. येथें १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता आली. बंदीच्या शर्तीनें कित्येक गरिबांची शेती राहिली, हें मीं दप्तरांत पाहिलें आहे. तेवढ्यापुरतें गोखल्यांचें म्हणणें मला एकांगी वाटतें. पतीविषयींची त्यांची शंका मात्र खरी होती. म्हणूनच संहितेच्या कलम ३६ मध्यें वर्ग दोनच्या भोगवटादारास कर्जासाठीं सहकारी संस्था अगर बँक यांजकडे जमीन गहाण देण्याची मुभा ठेविली आहे. केवळ वर्ग दोन म्हणून कोणाचा अर्ज परत आला, तर त्यानें हें कलम अवश्य दाखवावें.